इंदूरपासून जग: नकाशा-प्रश्नमंजूषेच्या कामाच्या नोंदी

९ एप्रिल

रामबागेतल्या वाचनालयात सुट्टीत येणाऱ्या मुलांसाठी जगाच्या भूगोलाची प्रश्नमंजूषा करायला घेतली आहे. मुलं पाचवी ते नववीची. घरी मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. राजधान्या आणि झेंडे त्यांना तोंडपाठ असतात. मोबाइलवर तसे खेळ पुष्कळ आहेत आणि मुलं त्यात पटाईत आहेत. पण मंगोलियाची राजधानी झटकन सांगणाऱ्या मुलाला तिथे पाऊस इतका कमी का, असं विचारलं की तो थांबतो. मला हा दुसरा प्रश्न हवा आहे.

काम सुरू करण्याआधी दोन नियम कागदावर लिहून टेबलासमोर लावले. पहिला: मुलाने आधी नकाशावर बोट ठेवून अंदाज करायचा, मग उत्तर दिसेल, आणि उत्तरापाठोपाठ कारण. ज्या गोष्टीचं कारण नकाशावर दाखवता येत नाही ती कितीही नवलाची असली तरी घ्यायची नाही. दुसरा: होता होईल तो प्रश्न इंदूरपासून सुरू व्हावा. मुलांच्या पायाखालची जागा ही एकच. जग तिथून मोजायला घेतलं की अंतराला, दिशेला, उंचीला अर्थ येतो.

१२ एप्रिल

नकाशाचा कच्चा माल. देशांच्या आकृत्या ‘नॅचरल अर्थ’ या नकाशासंग्रहातून घेतल्या. त्या सर्वांसाठी खुल्या आहेत, परवानगी लागत नाही. त्यांचे तीन तपशील मिळतात. सर्वांत ढोबळ, म्हणजे एकास ११ कोटीवाला, फाइल म्हणून फार हलका आहे, पण त्यात मालदीव, मॉरिशस, सिंगापूर नाहीतच. मुलांना जग दाखवायचं आणि त्यातून देश गाळायचे हे मला पटत नाही, म्हणून मधला, एकास ५ कोटीवाला घेतला. वाचनालयातल्या जुन्या संगणकावरही तो अडखळत नाही.

भारताची बाह्यसीमा मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच ठेवायची. मूळ फाइलमध्ये सीमा ‘प्रत्यक्ष ताबा’ या हिशेबाने आखलेल्या असतात. त्याच संग्रहात भारताच्या अधिकृत भूमिकेनुसार आखलेली वेगळी फाइलही असते, ती वापरली आणि विभागाच्या नकाशाशी ताडून पाहिली.

देशांची नावं तिथे हिंदीत आहेत, मराठीत नाहीत. विकिडेटा या खुल्या माहितीसंग्रहावरून मराठी नावं उतरवून घेतली आणि एकेक नाव वाचून नीट केलं. कंटाळवाणं काम आहे, पण मुलाने आयव्हरी कोस्ट आपल्या लिपीत वाचायला हवा.

१७ एप्रिल

आज टिचकीचा हिशेब बसला. मुलाने जिथे टिचकी मारली तिथपासून खऱ्या जागेपर्यंतचं अंतर हॅवरसाइन या, गोलावरच्या दोन बिंदूंतलं अंतर देणाऱ्या, सूत्राने काढते, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून. पडद्यावर ‘चूक’ असा शब्द कुठेच येत नाही. फक्त आकडा येतो: ‘८४० किलोमीटर पश्चिमेला’. यावर मी ठाम आहे. नैरोबीच्या जागी कंपाला दाखवणारं मूल आणि नैरोबीच्या जागी ब्राझील दाखवणारं मूल यांना एकाच लाल फुलीत बसवणं अन्याय आहे. पहिल्याला पूर्व आफ्रिका कळली आहे.

एक प्रश्न चुकला की तो थोड्या वेळाने पुन्हा येतो, मग दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने. विसरण्याचा उतार सुरुवातीला किती तीव्र असतो हे हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच मोजून मांडलं होतं. मी त्यात काही नवं करत नाही.

तांत्रिक टाचण: जिओजेसन (नकाशातले आकार साठवण्याची रीत) फाइलमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश. पडद्यावर नकाशा काढणाऱ्या लीफलेट या साधनात आधी अक्षांश. प्रत्येक नवी फाइल आली की इंदूर कुठे उमटतं ते आधी बघायचं. आकडे उलटे लागले तर इंदूर नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेला बॅरेंट्स समुद्रात जाऊन पडतं. हाच प्रश्न मोठ्या मुलांना घालणार आहे: ‘इंदूरचे अक्षांश-रेखांश अदलाबदल केले तर स्वेटर लागेल की छत्री?’

२० एप्रिल

आजचा दिवस एका उभ्या रेषेत गेला, आणि फार आनंदात गेला.

इंदूर ७५.८६ अंश पूर्वेला आहे. त्या रेषेवर वर-खाली काय काय आहे ते काढायला बसले. उत्तरेला उज्जैन, ते आपल्याला ठाऊकच. त्याच्याही वर जयपूर. दक्षिणेला भुसावळ, मग बीड, आणि थेट केरळच्या किनाऱ्यावर कोळिकोड, जिथे १४९८ मध्ये वास्को द गामा आला. ही सगळी शहरं एकमेकांपासून दशांश अंशाच्या आसपास आहेत. मनातल्या नकाशात मी कोळिकोड नेहमीच बरंच पूर्वेला ठेवत आले होते. भारत खाली निमुळता होतो, त्यामुळे टोकाकडची गावं ‘मध्यावर’ असणार असं मन धरून चालतं.

कोळिकोडनंतर समुद्र. रेषा खाली ओढत राहिले. लक्षद्वीप आणि मालदीव पश्चिमेला राहतात, दिएगो गार्सियाही पश्चिमेलाच, आम्सटरडॅम बेट थोडं पूर्वेला, केर्गेलेन आणि हर्ड पुन्हा पश्चिमेला. एकाही बेटाला न शिवता रेषा अंटार्क्टिकापर्यंत जाते आणि लार्समन टेकड्यांजवळ पोचते. तिथे काय आहे? ७६ अंशांच्या किंचित पूर्वेला, आपलं ‘भारती’ संशोधन केंद्र. २०१२ पासून चालू असलेलं. इंदूरहून नाकासमोर दक्षिणेला सुमारे सव्वादहा हजार किलोमीटर गेलं की जिथे पोचतो तिथेही तिरंगा आहे. हे पडद्यावर दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली.

या रेषेला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. सूर्यसिद्धान्तात शून्य रेखांश लंका, अवंती, रोहीतक आणि कुरुक्षेत्र यांवरून जातो. लंका म्हणजे तिथे विषुववृत्तावर धरलेला बिंदू, आणि अवंती म्हणजे उज्जैन. सवाई जयसिंगाने वेधशाळांसाठी ज्या जागा निवडल्या त्यात दिल्ली, जयपूर, वाराणसी, मथुरेबरोबर उज्जैन होतं, आणि ती वेधशाळा आजही पाहता येते. ग्रीनिचची रेषा जगाची झाली ती ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत. २५ देश होते, २२ जणांनी बाजूने मत दिलं, सान डोमिंगोने (आजचं डॉमिनिकन रिपब्लिक) विरोधात, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. विषुववृत्त निसर्ग ठरवतो, शून्य रेखांश माणसं मतदानाने ठरवतात. हा फरक नववीच्या मुलांना नकाशावर नक्की दाखवायचा. त्यासाठी एक सरकपट्टी केली आहे: शून्य रेषा ग्रीनिचवरून उचलून उज्जैनला आणली की जगातले सगळे रेखांश बदलतात, अक्षांश जागचे हलत नाहीत.

२७ एप्रिल

मुलांबरोबरची पहिली बैठक. उभी रेषा जमली. ‘भारती’ येताच एकच गलका झाला. मग आडवी रेषा घेतली: इंदूरच्या अक्षांशावर पश्चिमेला चालत गेलं तर काय लागेल?

अंदाज आला दुबई, मग युरोप. एक मुलगा पैजेवर इटली म्हणाला. उत्तर: अरबी समुद्र ओलांडून ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया. अल्जीरियातलं तामनरासेत जवळजवळ आपल्याच अक्षांशावर आहे, आपल्याहून उंचावर, आणि तिथे वर्षाला पाऊस ५० मिलिमीटरच्या आसपास. इंदूरला हजाराच्या जवळ.

‘मावशी, सूर्य तर सेमच आहे ना दोघांना?’ पुढे बसलेल्या मुलीने विचारलं. मला नेमका हाच प्रश्न हवा होता. सूर्य सारखाच आहे. या पट्ट्यात विषुववृत्ताकडून वर उचललेली हवा परत खाली उतरते, खाली येताना तापते, कोरडी होते, म्हणून जगातली बरीच मोठी वाळवंटं याच अक्षांशांवर आहेत. हिशेबाने माळवाही कोरडा असायला हवा होता. पण आपल्या दक्षिणेला अख्खा हिंदी महासागर आहे आणि उत्तरेला उन्हाळ्यात तापणारी प्रचंड जमीन आणि तिबेटचं पठार. त्यामुळे चार महिने वारा समुद्रावरून आत ओढला जातो. तामनरासेतच्या दक्षिणेला समुद्र फार लांब पडतो आणि गिनीच्या आखातावरून निघालेला पावसाळी वारा सहाराच्या दक्षिण कडेच्या साहेल पट्ट्यापर्यंतच दमतो.

मग पूर्वेला कोलकाता, हाँगकाँग, आणि पॅसिफिक व मेक्सिको ओलांडून हवाना. एकाच आडव्या रेषेच्या अवतीभवती वाळवंट, भाताची खाचरं आणि उसाचं बेट. मुलं बराच वेळ ती रेषा पुढे-मागे सरकवत बसली होती.

४ मे

ग्रीनलंडचा खेळ तयार. भारत उचलायचा आणि ग्रीनलंडवर नेऊन ठेवायचा. मर्केटरच्या, म्हणजे भिंतीवर नेहमी दिसणाऱ्या, नकाशावर तो वर सरकतो तसा फुगत जातो, आणि तिथे पोचल्यावर ग्रीनलंड त्याच्याखाली झाकून जातं. भारत सुमारे ३२.९ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २१.७ लाख. शेजारी समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळं खऱ्या प्रमाणात दाखवणारा, नकाशा ठेवला आहे, २०१८ मध्ये आलेल्या ‘इक्वल अर्थ’ प्रक्षेपणाचा. त्यात आफ्रिका पाहून मुलांचे डोळे मोठे होतात. तिच्यात ग्रीनलंड चौदा वेळा मावतं.

बनवताना एक गोष्ट सांभाळावी लागते. देश सरकवताना त्याच्या कडेच्या बिंदूंचे अंश नुसते बेरीज-वजाबाकीने हलवून चालत नाही. प्रत्येक बिंदूची मध्यापासूनची दिशा आणि अंतर गोलावर मोजायचं आणि नव्या मध्यापासून तेवढंच मांडायचं. तरच देशाचं खरं क्षेत्रफळ कायम राहतं आणि फुगवटा कुठून येतो ते दिसतं. ६० अंशांवर मर्केटर क्षेत्रफळ चौपट दाखवतो. इंदूरच्या अक्षांशावर साधारण १७ टक्के जास्त.

‘मग असा खोटा नकाशा केलाच कशाला?’ हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर खेळातच घातलं. १५६९ मध्ये मर्केटरने तो दर्यावर्द्यांसाठी केला. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकलं तर त्याचा मार्ग या नकाशावर सरळ रेघ होतो. पट्टी ठेवा, कोन मोजा, निघा. समुद्रावर क्षेत्रफळाला विचारतो कोण? त्या कामासाठी तो उत्तम आहे. भिंतीवर टांगून देशांचे आकार शिकवायला तो केलेलाच नव्हता.

८ मे

छोटी भर: ‘पायाखाली’ हे बटण. इंदूरच्या अंगणात खड्डा खणून पृथ्वीच्या मधोमध आरपार गेलं तर कुठे निघू? बहुतेक मुलं अमेरिका म्हणतात. उत्तर: भर पॅसिफिक महासागर. सर्वांत जवळची जमीन म्हणजे चिलीचं सालास इ गोमेस हे निर्मनुष्य बेट, चारशेहून थोड्या जास्त किलोमीटरवर. त्याच्या पलीकडे ईस्टर बेट. भारताच्या विरुद्ध बाजूला जवळजवळ सगळं पाणीच आहे.

१४ मे

वाचनालयात वर्तमानपत्रं वाचायला येणाऱ्या एक आजी आज मुलांच्या घोळक्यात येऊन बसल्या. नातू सॅन फ्रान्सिस्कोला आहे. ‘मला दाखव गं, तो नेमका कुठल्या बाजूला आहे. संध्याकाळी दिवा लावते तेव्हा त्याच्याकडे तोंड करून हात जोडीन म्हणते.’ मुलं म्हणाली पूर्वेला, काही म्हणाली पश्चिमेला. भिंतीवरच्या नकाशात दोन्ही पटण्यासारखंच.

कपाटावरचा पृथ्वीगोल काढला आणि दोरा ताणून धरला. दोरा सरळ उत्तरेकडे निघाला, जरासा उजवीकडे कलून, सुमारे १६ अंश. सायबेरियावरून, आर्क्टिक महासागराच्या कडेने ७५ अंश उत्तरेपर्यंत चढून, अलास्कावरून खाली. साधारण १३,००० किलोमीटर. आजींनी दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे ध्रुवताऱ्याच्याच बाजूला की.’ मुलांनी लगेच प्रत्येकाचे नातेवाईक काढले: बोस्टनचा काका, टोरांटोची आत्या, सिडनीचा दादा. मी पडद्यावर तोच दोरा करून दिला. दोन जागा निवडल्या की गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग उमटतो आणि आपल्या गच्चीवरून कुठे तोंड करायचं तो कोन दिसतो. आजच्या बैठकीत ठरवलेला विषय बाजूला राहिला. राहू दे.

२१ मे

पाण्याचा नकाशा. माझ्या मते या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच.

प्रश्न असा: इंदूरच्या राजवाड्यावर पडलेला पावसाचा थेंब कुठल्या समुद्राला मिळतो? नकाशा बघून सगळे अरबी समुद्र म्हणतात, कारण खंबातचं आखात सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आत आहे आणि नर्मदा तर शेजारीच. टिचकी मारली की थेंब निघतो. कान्ह नदीतून उत्तरेला, उज्जैनजवळ शिप्रेत, शिप्रेतून चंबळेत, इटाव्याच्या बाजूला यमुनेत, प्रयागला गंगेत, आणि दोन हजारांहून जास्त किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरात. उज्जैनला शिप्रेत स्नान करणाऱ्यांच्या अंगावरून जाणारं पाणी शेवटी गंगासागरापर्यंत पोचतं.

कारण पायाखालीच आहे. माळव्याचं पठार उत्तरेकडे कललेलं आहे. त्याची दक्षिण कड, म्हणजे विंध्याची कड, उंच. महूजवळचा जानापाव डोंगर साडेआठशे मीटरच्या वर, इंदूर साडेपाचशेच्या आसपास. जानापावाला चंबळ उगम पावते आणि उत्तरेला निघते. त्याच परिसरातली चोरल मात्र कड्यावरून उडी घेते. पाताळपाणीचा धबधबा तो हाच. ती नर्मदेला मिळते. नर्मदा विंध्य आणि सातपुडा यांच्यामधल्या खचलेल्या दरीतून पश्चिमेला जाते. म्हणजे महूच्या आसपास शेजारशेजारच्या दोन शेतांतलं पाणी दोन वेगळ्या समुद्रांना जाऊ शकतं. छपराचा कणा असतो तसा हा कणा आहे, पण जमिनीवरून चालताना तो लक्षातही येत नाही.

उंचीचे आकडे फेब्रुवारी २००० मधल्या अंतराळयानाच्या रडार-मोजणीतून आले आहेत. एन्डेव्हर यानाने ११ दिवसांत ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण इतक्या पट्ट्यातली जमीन मोजली होती. त्या आकड्यांवरून नद्यांचे प्रवाह आखलेले तयार मिळतात. माझं काम फक्त थेंबाला वाट दाखवण्याचं.

आता ज्यासाठी मी हा भाग करायला घेतला ते. इंदूर पाणी पितं कुठलं? मोठा वाटा नर्मदेचा. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर नळाने, चारशे मीटरहून जास्त वर उचलून आणलेलं. पहिला टप्पा १९७८ मध्ये सुरू झाला. ते पाणी घराघरांत येतं, वापरलं जातं, आणि उरलेलं कान्हमधून उत्तरेला जातं. जे पाणी स्वभावाने अरबी समुद्राला जाणार होतं ते इंदूरच्या स्वयंपाकघरांतून फिरून बंगालच्या उपसागराकडे वळतं. अख्ख्या शहराने एक नदी कणा ओलांडून नेली आहे. मुलांना हे सांगितलं तेव्हा एकाने हातातली पाण्याची बाटली वर धरून उन्हात पाहिली.

२४ मे

त्याच धाग्यावर जग जोडलं. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये टू ओशन क्रीक नावाचा ओढा दोन फाटे होऊन वाहतो. एक फाटा स्नेक आणि कोलंबिया नद्यांतून पॅसिफिकला, दुसरा यलोस्टोन, मिसुरी, मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताला. दक्षिण अमेरिकेत कासिकियारे ही नदी ओरिनोको नदीचं काही पाणी उचलून रिओ नेग्रोमार्गे ॲमेझॉनला देते, म्हणजे दोन महानद्या निसर्गानेच जोडलेल्या. जर्मन संशोधक हुम्बोल्ट १८०० मध्ये त्या वाटेने होडीतून गेला होता. जलूदच्या पंपांनी आपण जे करतो ते तिथे सपाट जमिनीने केलं आहे.

ओकावांगोसाठी वेगळं पान केलं. अंगोलाच्या डोंगरात जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस बोत्स्वानाच्या त्रिभुजप्रदेशात जून ते ऑगस्टमध्ये पोचतो, ऐन कोरड्या दिवसांत. समुद्राला ही नदी मिळतच नाही, कालाहारीत पसरते आणि संपते. महिन्याची सरकपट्टी हलवली की पूर हळूहळू खाली सरकताना दिसतो. ‘पाऊस नसताना पूर’ हा प्रश्न मुलांनी आपापसांत तीन-चार जणांना तरी घातला असेल.

३० मे

निवड. ‘नवलाच्या गोष्टी’ म्हणून जमा केलेल्या ढिगातून काय ठेवायचं ते आज ठरवलं.

चंद्रावरून चीनची भिंत दिसते, ही गोष्ट काढली. ती खरीच नाही, आणि तरी पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. लांबलचक नावाचं गाव, सर्वांत छोटा देश, असली विक्रमांची यादीही काढली. त्यातून पुढचा प्रश्न निघत नाही.

फ्रान्सची सर्वांत लांब भूसीमा ब्राझीलशी आहे, सुमारे ७३० किलोमीटर, हे ठेवलं. कारण त्यातून पुढे चालता येतं. फ्रेंच गयाना दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळ. तिथल्या कुरूहून युरोपचे अग्निबाण सुटतात, कारण विषुववृत्तावर जमीन सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेगाने पूर्वेला फिरत असते आणि तो वेग यानाला फुकट मिळतो. आपला ‘ॲपल’ उपग्रह १९८१ मध्ये तिथूनच गेला. तेच कारण श्रीहरिकोट्यालाही लागू पडतं.

चिंबोराझो ठेवला. इक्वेडोरमधला हा डोंगर ६,२६३ मीटर, एव्हरेस्ट ८,८४८.८६. तरी पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर चिंबोराझोचं टोक जास्त लांब, कारण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. तिथली त्रिज्या ध्रुवांकडच्यापेक्षा सुमारे २१ किलोमीटर जास्त.

पनामाचा कालवा तर ठेवणारच. अटलांटिककडून पॅसिफिककडे जाणारं जहाज तिथे कुठल्या दिशेला जातं? सगळे पश्चिम म्हणतात. जहाज आग्नेयेला जातं आणि पॅसिफिकचं तोंड अटलांटिकच्या तोंडापेक्षा पूर्वेला आहे. ती चिंचोळी जमीन तिथे आडवी वळलेली आहे. नकाशा मोठा करून पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही, आणि मोठा करून पाहायला लावणारा प्रश्न मला सर्वांत प्रिय.

७ जून

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येण्याचा. वाचनालयाच्या गच्चीवर पाइपाचा तुकडा ओळंब्याने उभा केला. मुलं बाराच्या ठोक्याला तयार होती. सावली तेव्हा आखूड होती पण पश्चिमेला होती. ‘अजून नाही झाले बारा,’ मी म्हटलं. आपलं घड्याळ ८२.५ अंशांच्या रेषेवर चालतं आणि इंदूर तिच्या साडेसहा अंशांहून थोडं जास्त पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटं. सूर्य इंदूरच्या माथ्यावर येतो तो बारा सव्वीसच्या सुमारास. आकाश मोकळं होतं. बारा सव्वीसला पाइपाच्या आतला उजेडाचा गोल पुरा झाला आणि बाहेर सावली उरली नाही.

खाली येऊन विसाव्या एप्रिलची उभी रेषा पुन्हा उघडली. आता तिच्यावर तारखा लावल्या. सूर्य कोळिकोडच्या माथ्यावर आला तो २० एप्रिलच्या सुमारास. बीडला १६ मेच्या, भुसावळला २६ मेच्या सुमारास. इंदूरला आज. उज्जैनला १२-१३ जूनला येईल, आणि कर्कवृत्त तिथून फार लांब नाही. शहरं एकाच रेखांशावर, म्हणून सगळीकडे घड्याळात वेळही जवळपास तीच. महिना-दीड महिना सूर्य एकेक गाव पार करत आपल्याकडे चढत होता आणि आपण त्याला नुसता उन्हाळा म्हणत होतो.

‘आणि जयपूरला?’ कधीच नाही. जयपूर कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. जूनमध्येही सूर्य तिथे माथ्यापासून साडेतीन अंश दक्षिणेलाच थांबतो आणि परत फिरतो. जयसिंगाच्या दोन वेधशाळा एकाच रेषेवर, पण एका गावात सावली नाहीशी होते आणि दुसऱ्यात होत नाही. हा प्रश्न मी केलेला नाही. गच्चीवरून उतरताना आठवीतल्या दोघांनी जिन्यात केला. तसाच्या तसा घेतला.

१४ जून

मुलांनी केलेले प्रश्न आता माझ्या प्रश्नांएवढे झाले आहेत. अट तीच: अंदाज नकाशावर, कारण नकाशावर. एका मुलाने बिग डायोमीड आणि लिटल डायोमीड आणली. दोन बेटं चार किलोमीटरहून कमी अंतरावर, एक रशियाचं, एक अमेरिकेचं, मधून तारखेची रेषा, आणि घड्याळात २१ तासांचा (उन्हाळ्यात २०) फरक. त्याने कारणात किरिबातीही जोडली, जिने १९९५ मध्ये आपल्या पूर्वेकडच्या बेटांसाठी रेषाच पलीकडे सरकवली. रेषा माणसं ठरवतात हे त्याला शून्य रेखांशावरून सुचलं, असं त्याने सांगितलं.

पाचवीतल्या मुलीचा प्रश्न: ‘आत्ता भारतीवर पाइप उभा केला तर सावली कुठे पडेल?’ पडणारच नाही. सध्या तिथे सूर्य उगवतच नाही, ध्रुवीय रात्र चालू आहे. भारती ६९ अंश दक्षिणेच्या पुढे, आणि सूर्य आपल्या बाजूला जवळजवळ कर्कवृत्तापर्यंत चढलेला. तिने कारण स्वतः सरकपट्टी हलवून शोधलं. पट्टीवर सूर्य उत्तरेला नेला की अंटार्क्टिकावरचा उजेड मावळतो.

फाइल वाचनालयाच्या दोन्ही संगणकांवर आणि पेनड्राइव्हवर टाकली. इंटरनेट नसलं तरी चालते. अजून करायचं: थेंबाच्या नकाशात लुनी नदी, जी कच्छच्या रणात संपते, सिडनीच्या दादाचा मार्ग, आणि डिसेंबरसाठी हीच सावलीची पट्टी मकरवृत्तापर्यंत. पाऊस सुरू झाला की रविवारी मुलांना महूला नेऊन कण्याच्या दोन्ही बाजूंचं पाणी वाहताना दाखवायचं आहे. पालकांना निरोप गेला आहे, छत्र्या आणि डबे आपापले.